आलाबाश थांबला होता

नुसरतचा हात आधी सुटायचा आणि विचार मागून धापा टाकत यायचा. इस्फहानात त्याच्या सायकलच्या दुकानाच्या गल्लीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या हातात कसब होतं, ते नाकारून चालणार नाही. खड्ड्यात आपटून कडबोळं झालेली रिंग तो एकेक स्पोक आवळत, आऊट काढत अशी सरळ करून द्यायचा की गिऱ्हाईक नुसतं बघत राहायचं. पण याच हाताने तीन वर्षांपूर्वी अर्दिस्तानच्या रस्त्यावर एका पिकअपवाल्याचा जबडा तोडला होता. त्या माणसाने जाता जाता खिडकीतून अर्धं खाल्लेलं कलिंगड नुसरतच्या पाठीवर फेकलं आणि वर हसला. नुसरतने बारा किलोमीटर सायकल दामटून त्याला चहाच्या टपरीवर गाठलं आणि हवा भरायच्या पंपाने मारलं. एकदा नाही, लोकांनी ओढून बाजूला करेपर्यंत.

आठ महिने आत काढून तो घरी आला तेव्हा घरात कुणी नव्हतं. बायको अक्दस मुलीला घेऊन भावाकडे गेली होती. लोक म्हणाले, त्या जबड्यापायी गेली. लोकांना काय कळतंय! अक्दसच्या स्वतःच्या गालाला तो हात वीस वर्षं ओळखीचा होता. जबडा फक्त निमित्त झाला.

मग एके दिवशी मुलगी, महरुख, दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. सव्वीस वर्षांची, बापासारखीच रुंद खांद्यांची. तिचा निकाह ठरला होता. बापाच्या परवानगीचा कागद नुसरतने केव्हाच सही करून पाठवला होता, कुरकुर न करता. पण सही कागदाला लागते, निकाहाच्या खोलीत कोण बसणार हे नवरी ठरवते. निकाह लावणारा आखुंद तिला तीनदा विचारणार. पहिल्यांदा बायका ओरडणार, नवरी फुलं वेचायला गेलीय. दुसऱ्यांदा ओरडणार, गुलाबपाणी आणायला गेलीय. तिसऱ्यांदा ती स्वतः म्हणणार, आईवडिलांच्या परवानगीने, हो. त्या वेळी आईशेजारच्या खुर्चीवर आपण असणार की नाही, या एका प्रश्नाने नुसरतची झोप उडवली होती.

"तुम्ही मला सायकल शिकवलीत, तेवढं एकच चांगलं आठवतं मला," महरुख म्हणाली होती. "निकाहाच्या आधी चार दिवस माझ्यासोबत चला. इस्फहान ते यज्द, अबरकूहच्या वाटेने. चार दिवसांत एकदाही हात उचलला नाहीत, तर आईच्या शेजारी बसा. उचललात, तर मी तिथूनच बस धरीन आणि तुम्ही घरी."

"आणि कुणी तुझ्यावर उचलला तर?"

"तरीही."

"हा कुठला न्याय?"

"माझा," ती म्हणाली.

दोन दिवस निभावले. तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं आबादेहहून निघाली. निकाह पुढच्या गुरुवारवर आला होता. नव्वद किलोमीटरचा पल्ला, सूरमकपर्यंत मोठा हमरस्ता आणि तिथून डावीकडे अबरकूहचा. लहान रस्ता म्हणतात त्याला, पण त्यात लहान काही नाही. सरळ जातो आणि जातच राहतो. दोन्ही बाजूंना खुरटी खारट झुडपं, मधूनमधून विजेचे खांब, आणि एक डोंगर, जो सकाळी जिथे असतो तिथेच संध्याकाळी असतो. वळण नाही, चढ नाही, सावली नाही. आठ वाजल्यापासून वारा समोरून.

अशा रस्त्याला लोक कंटाळवाणा म्हणतात. नुसरतला विचाराल तर तो धोक्याचा म्हणेल. घाटात माणसाला वळणाकडे बघावं लागतं, गावात गाढवाकडे. इथे डोक्याला चघळायला काही नसतं, मग ते जुने अपमान चघळतं. पॅडल फिरत राहतं आणि त्याच्याबरोबर कलिंगड फिरत राहतं. मेहुण्याने दारातून परत पाठवलं होतं ते फिरत राहतं. दर चार मिनिटांनी एक ट्रक भोंगा वाजवत इतक्या जवळून जातो की वाऱ्याचा फटका कानशिलात बसतो, सायकल आधी आत ओढली जाते आणि मग बाहेर ढकलली जाते. प्रत्येक ट्रकमागे नुसरत दातावर दात दाबून खांब मोजायचा. सूरमक येईपर्यंत त्याचा जबडा दुखायला लागला होता.

सूरमकच्या अलीकडे मोटरसायकल आली. वर दोघं, विशीतले. नुसरत मागे होता, महरुख पुढे. मागे बसलेल्याने हातातला ओला टॉवेल पिळून दोरासारखा केला आणि जाता जाता महरुखच्या पाठीवर सपकन हाणला. तो आवाज नुसरतला वाऱ्यातही ऐकू आला. महरुखचं हँडल हललं, चाक डांबरावरून खडीत गेलं, आणि ती कोपरावर आपटली.

"घरी जाऊन भात शिजव, बये!" पोरगा ओरडला आणि मोटरसायकल पळाली.

नुसरत पोचला तोवर ती उठली होती. कोपर सोललेलं, स्कार्फ घसरलेला. त्याने काही विचारलं नाही. त्याची नजर त्या मोटरसायकलच्या धुरळ्यावर होती आणि पाय आपोआप पॅडलवर गेले होते.

"बाबा," ती म्हणाली. एवढंच.

सूरमकला चहाच्या दुकानासमोर तीच मोटरसायकल उभी होती. दोघं बाकावर बसून ताक पीत होते. नुसरतने सायकल भिंतीला टेकवली. कॅरियरवर कुलपाची साखळी होती, बोटाएवढ्या जाड कड्यांची, दीड किलोची. त्याचा हात तिच्यावर गेला आणि तिथेच राहिला. महरुख दुकानाच्या दारात उभी राहून बाही वर करत जखमेतले खडे काढत होती. ती त्याच्याकडे बघतही नव्हती, आणि तेच जास्त अवघड होतं.

"काका," टॉवेलवाला म्हणाला, "पोरीला चाकं लावून कुठे निघालात?"

"यज्दला," नुसरत म्हणाला.

"नवरा मिळत नाही वाटतं इस्फहानात?"

दोघं खिदळले. नुसरत वळला, अंगणातल्या नळाखाली गेला आणि डोकं पाण्याखाली धरलं. कान बधिर होईपर्यंत धरलं. परत आला तेव्हा मोटरसायकल गेली होती. दुकानदाराने चहा आणून ठेवला. नुसरतने साखरेचा खडा दातात धरला आणि घोट घेतला. खडा लाल झाला. खालचा ओठ त्याने आतून चावून फोडला होता, त्याला कळलंही नव्हतं.

महरुखने ते पाहिलं. आपल्या बशीतला एक खडा तिने त्याच्या बशीत ठेवला.

"अडीच दिवस झाले," ती म्हणाली.

"मोजतेस?"

"तुम्हीपण मोजताय की."

तो हसला. सांगायला हरकत नाही, त्या क्षणी नुसरतला वाटलं की जिंकलो. माणूस गिळलेल्या रागाला जिरलेला राग समजतो, तिथेच फसतो.

अबरकूहच्या रस्त्याला लागल्यावर ट्रक कमी झाले, वारा वाढला. एका पुलाखालच्या सावलीत दोघांनी रोटी, चीज आणि काकडी खाल्ली. डांबरावर मेंढ्यांच्या लेंड्या पसरल्या होत्या, ताज्या.

"तंबू आहेत जवळपास," महरुख म्हणाली. "कुत्रे असतील."

"असणारच. काय करायचं आठवतं ना?"

"मी सात वर्षांची होते तेव्हा शिकवलंत."

"म्हणून विचारतोय. सांग."

ती शाळेतल्यासारखं म्हणू लागली. "पळायचं नाही. दगड उचलायचा नाही. खाली बसायचं. हात मांडीवर, नजर जमिनीवर. बसलेल्या माणसाला तंबूचा कुत्रा चावत नाही."

"आणि?"

"मालक येऊन हाताला धरून उठवेपर्यंत उठायचं नाही."

"बरोबर." नुसरतची आई भटक्या कश्काई मेंढपाळांतली होती, तंबूत जन्मलेली. तिच्या बापाकडून त्याने हे लहानपणीच उचललं होतं. "आजोबांनी एकदा मेंढी चोरायला आलेल्याला अख्खी दुपार बसवून ठेवलं होतं. हातच दिला नाही. तो बिचारा बसला तसाच."

"उठून पळाला का नाही?"

"उठला असता तर कुत्र्यांनी फाडला असता. आणि बसला म्हणून आजोबांनीही मारलं नाही. बसलेल्यावर कुणीच हात टाकत नाही, कुत्राही नाही आणि मालकही नाही. चोराला काठी बसत नाही, पण शरम बसते, असं म्हणायचे."

"भले होते तुमचे आजोबा," महरुख म्हणाली. "तुम्ही त्यांच्यावर नाही गेलात."

तीन वाजायच्या सुमाराला नुसरत वारा अंगावर घ्यायला पुढे होता आणि महरुख दोनशे पावलं मागे पडली होती. डाव्या हाताला उतारावर काळे तंबू दिसले आणि रस्त्याच्या कडेने मेंढ्यांचा कळप. नुसरत पुढे गेला तेव्हा कुत्रे उठले नाहीत. मागून भुंकणं ऐकू आलं तेव्हा त्याने वळून पाहिलं. तीन होते. दोन तरणे, आणि एक मोठा, कान कापलेला, डोक्यावर पांढरा पट्टा, गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा. मोठा सगळ्यांत पुढे, पोट जमिनीला लावून, थेट महरुखकडे.

नुसरतने सायकल फिरवली. आता वारा पाठीशी होता, सायकल सुटली. पॅडल मारता मारता त्याचा हात मागे गेला आणि कॅरियरवरची साखळी हातात आली.

त्याने जे पाहिलं ते स्पष्ट सांगायला हवं, कारण पुढे त्याने ते वेगळं सांगायचा प्रयत्न केला. महरुखने सायकल टाकली. ती रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसली. हात मांडीवर, मान खाली. मोठा कुत्रा तिच्यापासून हातभर अंतरावर चारही पाय रोवून थांबला. गुरगुरला. मग गुरगुर थांबली, त्याने नाक पुढे केलं, तिच्या सोललेल्या कोपराचा वास घेतला. शेपूट सैल झाली. हे सगळं नुसरतने पाहिलं. तो तेव्हा वीस पावलांवर होता आणि ब्रेक त्याच्या बोटाखाली होता.

त्याने ब्रेक दाबला नाही. धावत्या सायकलवरूनच उडी मारली आणि साखळी फिरवली.

पहिला फटका कुत्र्याच्या कमरेवर बसला. तो माणसासारखा ओरडला आणि मागच्या पायांवर कोसळला. तो वळून चावायला आला नाही, पुढच्या पायांनी सरपटत महरुखच्या मागे लपायला गेला. दुसरा फटका मानेवर, तो पट्ट्याच्या काट्यांवर घासत गेला, ठिणगी उडाली. तिसरा डोक्यावर. मग नुसरतने मोजणं सोडलं. टॉवेल होता त्या साखळीत, भात शिजव होतं, सकाळपासूनचे सगळे भोंगे होते, मेहुण्याचं दार होतं. रक्त महरुखच्या स्कार्फवर उडालं, तिच्या गालावर उडालं. ती ओरडत होती हे त्याला बऱ्याच वेळाने ऐकू आलं.

तो थांबला. दोन्ही तरणे कुत्रे लांब जाऊन रडल्यासारखे भुंकत होते. मोठ्याचं डोकं ओळखू येत नव्हतं. फक्त एक मागचा पाय अजून हलत होता.

"थांबला होता तो," महरुख म्हणाली.

"तुझ्यावर आला होता!"

"थांबला होता, बाबा. तुम्ही बघितलंत."

नुसरतला श्वास पुरत नव्हता. "आणि... माणसावर नाही उचलला मी. आपलं ठरलं होतं ते माणसांचं होतं. कुत्रा आहे हा."

महरुखने त्याच्याकडे पाहिलं. गालावरचं रक्त तिने पुसलं नाही. "आईलाही तुम्ही असंच काहीतरी सांगायचात," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी काहीतरी वेगळं ठरलेलं असायचं."

 खरं सांगायचं तर तिथेच सगळं संपलं होतं, खुर्ची गेली होती, हे त्याला कळलं. तिने कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं. हलणारा पाय हळूहळू थांबला.

उतारावरून म्हातारा धावत आला. सत्तरीचा असेल, डोक्यावर दोन कानांची कश्काई टोपी, हातात गाठींची काठी. अयाज त्याचं नाव, ते नंतर कळलं. तो धावताना "आलाबाश, आलाबाश" अशी हाक मारत होता, आणि जवळ येऊन त्याने पाहिलं तेव्हा हाक बंद झाली.  काठी उचलली आणि नुसरतवर आला.

नुसरतने उजवा हात आडवा धरला. काठी कोपराच्या खाली बसली आणि हाड मोडल्याचा आवाज आला, सुक्या फांदीचा येतो तसा. साखळी गळून पडली. दुसरा घाव खांद्यावर, तिसरा कानावर. नुसरतच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि अंधारीतच त्याच्या डाव्या हाताने काठी पकडली. हिसकली. म्हातारा तिच्याबरोबर ओढला गेला आणि गुडघ्यांवर पडला. टोपी उडाली. खाली टक्कल होतं, घामाने चकाकणारं, काठीच्या बरोबर खाली.

डाव्या हातात काठी वर गेली होती.

महरुख ओरडली नाही. नुसरतने तिच्याकडे पाहिलं, कारण ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ती कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, हात त्याच्या मानेवर, नजर जमिनीवर. जशी कुत्र्यासमोर बसली होती तशीच. ती आता त्याच्यासमोर बसली होती.  लहानपणी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ती अशीच बसायची, आणि त्याला वाटायचं की पोर शांत आहे.

त्याने काठी म्हाताऱ्याच्या पुढ्यात ठेवली. मग रस्त्याच्या कडेला, खडीत, मांडी घालून बसला. मोडलेला हात मांडीवर घेतला. मान खाली घातली.

म्हातारा उठला, काठी उचलली आणि त्याच्या डोक्यावर उभा राहिला. नुसरतला त्याच्या चपला दिसत होत्या आणि चपलांवर पडणारे थेंब. घामाचे की कशाचे, कळत नव्हतं.

"तुला ठाऊक होतं?" म्हाताऱ्याने विचारलं. "बसायचं असतं, हे?"

"होतं, मामा."

"मामा म्हणू नकोस मला. कुणी शिकवलं?"

"आईच्या बापाने. तंबूतलाच होता. तुमच्यातलाच."

"आणि पोरगी बसली होती?"

"बसली होती."

"आणि माझा आलाबाश?"

 नुसरतचा कान फाटला होता, रक्त गळ्यापर्यंत आलं होतं. तो म्हणाला, "थांबला होता."

काठी वर गेली. नुसरतने डोळे मिटले. घाव बसला, पण त्याच्यावर नाही. रस्त्यावर आडवी पडलेली त्याची सायकल म्हाताऱ्याने फोडायला घेतली होती. ती फ्रेम नुसरतने स्वतः जोडली होती, दोन हिवाळे खपून. पुढच्या रिंगचा आठ झाला, स्पोक तटातट तुटले. मग मोठा दगड आणून म्हाताऱ्याने पुढचं चाक धरणारा चिमटा ठेचला, हँडल ठेचलं, पॅडल ठेचलं. प्रत्येक घावाला तो रडत होता आणि तुर्कीत शिव्या घालत होता. नुसरतला सगळ्या कळत होत्या. त्या त्याच्या आईच्या भाषेतल्या होत्या.

दम संपल्यावर अयाज कुत्र्यापाशी गेला. एकट्याला उचलवेना. महरुख उठली. म्हाताऱ्याने तिला अडवलं नाही. त्याने पुढचे पाय धरले, तिने मागचे, आणि दोघं उतारावरून तंबूंकडे चालू लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही. दोन्ही तरणे कुत्रे नुसरतभोवती एक चक्कर मारून गुरगुरले आणि मेंढ्यांच्या मागे गेले.

आता उठायला हरकत नव्हती. कुत्रे नव्हते, काठी नव्हती. नुसरत उठला नाही.

ऊन पाठीवर होतं, मग बाजूला आलं. हात सुजून भाकरीएवढा झाला. वाऱ्याने तोंडातलं रक्त वाळलं. मोडक्या सायकलचं मागचं चाक तेवढं शाबूत होतं, ते वाऱ्याने आपोआप फिरायचं, थांबायचं, परत फिरायचं. आयुष्यात पहिल्यांदाच या रस्त्यावर त्याच्या डोक्यात कलिंगड आलं नाही. कुत्रा सरपटत महरुखच्या मागे लपायला गेला होता, तेवढंच येत राहिलं. ज्याच्यापासून मुलीला वाचवायला नुसरत धावला, तो जीव नुसरतच्याच भीतीने त्या मुलीआड गेला होता.

अबरकूहकडे जाणारा एक ट्रक थांबला. जाडा ड्रायव्हर खाली उतरला, हातात पाण्याची बाटली.

"या अली! काय झालं, काका? कुणी ठोकलं?"

"कुणी नाही."

"सायकलचा पार चुरा झालाय, आणि कुणी नाही म्हणे. चला, अबरकूहला दवाखाना आहे." त्याने हात पुढे केला. "उठा."

"नाही. मालक यायचाय."

"कसला मालक?"

"कुत्र्याचा."

ड्रायव्हरने इकडेतिकडे पाहिलं. कुत्रा नव्हता, फक्त रक्त होतं. "ऊन लागलंय तुम्हाला," तो म्हणाला. बाटली तोंडाला लावून त्याने नुसरतला पाणी पाजलं, उरलेलं डोक्यावर ओतलं, आणखी दोनदा हात पुढे केला, आणि शेवटी मान हलवत निघून गेला.

डोंगराची सावली रस्त्यावर यायला लागली तेव्हा उतारावरून महरुख येताना दिसली. एकटी. तिने चेहरा धुतला होता, स्कार्फ दुसऱ्या कुणाचा तरी होता, फुलाफुलांचा. हातांना माती लागली होती. ती येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"पुरलं त्याला," ती म्हणाली. "अकरा वर्षांचा होता. दोन लांडगे मारले होते त्याने. म्हाताऱ्याचा मुलगा वारल्यापासून त्या मुलाच्याच अंथरुणावर झोपायचा."

नुसरतने मान हलवली.

"म्हाताऱ्याला सांगितलं मी, अजून बसलाय म्हणून. तो म्हणाला, मी हात देणार नाही, जन्मात नाही. म्हणाला, बाप तुझा आहे, उठवायचा तर तू उठव, नाहीतर बसू दे."

तिने आपली सायकल उचलली, चेन बसवली, हँडल सरळ केलं. हे तिने सावकाश केलं, बापाने शिकवलं होतं तसं, पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून. नुसरत जमिनीकडे बघत राहिला. गुरुवारचं त्याने विचारलं नाही. विचारायचा हक्क राहिला नाही, हे त्याला आता कुणी सांगायची गरज नव्हती.

ती सायकलला टेकून उभी राहिली. दोन ट्रक गेले.

"आईच्या शेजारी नाही," ती म्हणाली.

"नाही," तो म्हणाला.

"दाराशी. जिथे चपला काढतात तिथे. जमिनीवर. माझं 'हो' तिथून ऐकू येईल तुम्हाला. आणि मी येऊन हात देईपर्यंत उठायचं नाही. कुणी काही बोललं तरी. माझ्या मामाने काही म्हटलं तरी. आई समोरून गेली आणि तिने तुमच्याकडे पाहिलंही नाही, तरी."

"बरं."

"कदाचित मी येणार नाही हात द्यायला. हेही ऐकून ठेवा."

"बसून राहीन," नुसरत म्हणाला. 

महरुखने सायकल स्टँडवर लावली आणि हात पुढे केला. नुसरतने सवयीने उजवा उचलू पाहिला. तो उचलला गेला नाही. मग त्याने डावा दिला.